सकाळी टिकटिक, दुपारी गप्प: इंजिनच्या आवाजाच्या नोंदी

७ डिसेंबर २०२५, रविवार

गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक. १२०० सीसी, चार सिलिंडर, टायमिंग चेनवालं इंजिन. मीटरवर १ लाख १८ हजार. अमळनेर-पारोळा-धुळे हा नेहमीचा रस्ता, आणि शेतापर्यंतची मातीची वाट.

थंडी पडल्यापासून इंजिन सकाळी वेगळाच आवाज करतंय. गॅरेजला नेली. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, दोनदा रेस दिली आणि म्हणाले, "जिभाऊ, इंजिन उघाडनं पडी." अंदाज २२ ते २५ हजारांचा. कोणता आवाज कशाचा, असं विचारलं तर म्हणाले, टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग), चेन, सगळंच आलं त्यात. इंजिन खोलायला माझी ना नाही, पण कशासाठी खोलतोय ते आधी कळलं पाहिजे. कापसाचे पैसे हातात आले की असल्या कामात जातात आणि आवाज जिथल्या तिथे राहतो, हे नात्यात पाहिलं आहे. म्हणून काम घरीच करायचं ठरवलं, आणि ज्याच्या गाडीला असाच त्रास असेल त्याच्यासाठी या नोंदी.

आज एकाही नटाला हात लावला नाही, फक्त ऐकलं. रात्रभर गार पडलेली गाडी सकाळी अंगणात चालू केली. (पत्र्याच्या बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून ऐकत बसू नका. त्या धुराला वास असो नसो, तो जीव घेतो.)

नीट ऐकलं तर आवाज एक नाही, तीन आहेत. चावी फिरवली की एक-दोन सेकंद खडखड, मग ती थांबते. त्यामागून टिकटिक सुरू होते; गार इंजिनवर जोरात, आणि तापमानाचा काटा मधोमध येईपर्यंत जवळजवळ नाहीशी. तिसरी गुरगुर, ती कायमची. गार असो की गरम, रेसबरोबर चढते-उतरते. एसी लावला की तिचा सूर बदलतो.

तिन्ही मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवले. गॅरेज घरापासून लांब आहे, तिथे पोचेपर्यंत गाडी तापते आणि टिकटिक मरते. मिस्त्रींनी जो आवाज ऐकला त्यात ती नव्हतीच. गाडी गॅरेजला दाखवायचीच असेल तर रात्रीच नेऊन उभी करा आणि सकाळी त्यांच्यासमोर पहिला सेल्फ मारा.

८ डिसेंबर

सर्वांत आधी सर्वांत वाईट शक्यता तपासली: कनेक्टिंग रॉडचं, म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याचं बेअरिंग. ते गेलं असेल तर गाडी चालवत राहणं म्हणजे क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) खराब करून घेणं. बाकी सगळ्या आवाजांची तपासणी आठवडाभर थांबू शकते, याची नाही.

डिपस्टिकवर ऑइल खालच्या खुणेच्या थोडं वर. ऑइलचा लाल दिवा चावी लावल्यावर पेटतो आणि इंजिन चालू होताच विझतो, म्हणजे ठीक. मग ऐकण्याचं साधन. स्टेथोस्कोप विकत मिळतो, पण आपल्याकडे ठिबकच्या १६ मिमी नळीचे तुकडे घरोघरी पडलेले असतात. हातभर तुकडा घ्या, एक टोक कानाशी, दुसरं इंजिनजवळ. नळीचं तोंड जिकडे फिरेल तेवढाच आवाज येतो. लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावूनही ऐकतात. त्याने धातूतली थरथर कळते, पण हवेची गळती कळत नाही. ती नळीनेच कळते. फिरत्या बेल्टजवळ नळी, बाही, गळ्यातला रुमाल काही जाऊ देऊ नका.

ऑइल चेंबरजवळ नळी धरून मुलाला रेस द्यायला सांगितलं. मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांपर्यंत नेऊन पाय एकदम काढायचा. रॉड सैल असेल तर पाय काढताना खालून जड ठोका येतो. तसं काही नाही. खालचं इंजिन शाबूत धरून पुढे गेलो.

१४ डिसेंबर, रविवार

गुरगुर. बाहेरून सुरुवात, कारण बाहेरचं काम फुकट तपासता येतं.

आधी बेल्टवर पाणी मारलं. चालू इंजिनच्या बेल्टवर बाजूने थोडं पाणी उडवा. आवाज क्षणभर जाऊन परत आला तर पुली सरळ रेषेत नाहीत किंवा बेल्ट घासून कडक झालाय. पाण्याने आवाज उलट वाढला तर बेल्ट सैल आहे, घसरतोय. माझ्याकडे काहीच फरक पडला नाही, म्हणजे बेल्ट निर्दोष.

या गाडीला दोन बेल्ट. एक अल्टरनेटर आणि वॉटर पंपाचा, दुसरा एसीचा. एसीचा बेल्ट आधी काढला कारण त्याशिवाय गाडी बिनधास्त चालते. इंजिन चालू केलं आणि गुरगुर गायब. (वॉटर पंपाचा बेल्ट काढून तपासायचं झालं तर एक मिनिटही चालवू नका, आत पाणी फिरत नाही.)

एसी बेल्ट ताणायची पुली हाताने फिरवली. बोटांना खरखर लागली, आणि पुली सोडल्यावर गपकन थांबली. चांगलं सीलबंद बेअरिंग आतल्या ग्रीसमुळे किंचित जड आणि मऊ फिरतं. पुली खोलून बेअरिंगचं रबरी सील सुईने उचललं. आत ग्रीस म्हणावं असं उरलंच नव्हतं. शेतातल्या वाटेची माती आणि वाळलेलं ग्रीस मिळून तपकिरी भुगा झालेला, आणि गोट्यांच्या वाटेवर बारीक खड्डे.

बेअरिंगवर नंबर होता ६२०३. हा नंबर वाचायची सवय ठेवा. ६२०३ म्हणजे १७ मिमीचं भोक, ४० मिमी बाहेरचा व्यास, १२ मिमी जाडी, मग ते कोणत्याही यंत्रातलं असो. पूर्ण पुली ७५० ला सांगितली. धुळ्यात बेअरिंगच्या दुकानात नुसतं बेअरिंग १८० ला मिळालं. दुकानदाराने आधी दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं असलेलं, झेडझेड लिहिलेलं पुढे केलं. धुळीच्या कामाला ते नको. रबरी सीलचं, २आरएस लिहिलेलं मागा, आणि इंजिनाशेजारी तापणार असल्याने सी३ (आत जरा जास्त फट असलेलं) मिळालं तर उत्तम.

बसवताना व्हाइसमध्ये जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग मधे धरून दाबलं. जोर फक्त बाहेरच्या रिंगवर. आतल्या रिंगवर ठोकलं तर गोट्या नव्या बेअरिंगलाही खड्डे पाडतात आणि महिन्याभरात तीच गुरगुर परत.

संध्याकाळपर्यंत गुरगुर संपली. आता टिकटिक जास्तच स्वच्छ ऐकू येऊ लागली. घरच्यांना वाटलं नवा बिघाड झाला. नवा नाही, गुरगुरीखाली दबलेला होता.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळची खडखड. चेनचा ताण धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभरात ऑइल खाली उतरून गेलं तर सकाळी दाब तयार होईपर्यंत चेन सैल राहते आणि झाकणाला घासते. म्हणून चेनवर संशय घेण्याआधी ऑइल का उतरतं ते पाहिलं.

ऑइल सोडलं, फिल्टर काढला. मागच्या सर्व्हिसला बसवलेला, नाव-गाव नसलेला फिल्टर. त्याच्या कडेच्या छिद्रांतून आत पाहिलं तर ऑइल मागे उतरू न देणारी रबरी झडप लाकडासारखी कडक, एका बाजूने उचललेली. चांगल्या फिल्टरमध्ये ही झडप छिद्रांवर मऊ टेकलेली दिसते. विकत घेतानाच काडीने हलकं दाबून पाहा, रबर दबून परत यायला हवं.

कंपनीचा फिल्टर आणि ५डब्ल्यू-३० ऑइल, दोन्ही मिळून १७५०. ऑइल बदलायची वेळ तशीही झाली होती. फिल्टरमध्ये थोडं ऑइल भरून बसवला, सीलला ऑइलचं बोट फिरवून, हातानेच घट्ट.

२२ डिसेंबर

सकाळी कडाक्याची थंडी, तपासायला याहून चांगली वेळ नाही. पहिला सेल्फ: 'खड' एवढंच, तेही कान देऊन ऐकलं तर. चेन आणि टेन्शनरचं काम आत्ता नाही. नव्या फिल्टरनंतरही सकाळची खडखड दोन-तीन सेकंद टिकली असती तर मात्र चेनचं झाकण उघडायला लागलं असतं. ऑइलच्या बाटलीने चेन बरी होत नाही.

२८ डिसेंबर, रविवार

टिकटिक. खरा वेळ इथे गेला.

आधी मोजणी. आयडलला इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं, म्हणजे क्रँकचा आवाज सेकंदाला तेरा-चौदा वेळा. कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, त्याच्या निम्म्याने फिरतो, म्हणजे एका व्हॉल्व्हचा आवाज सेकंदाला सहा-सात वेळा. रेकॉर्डिंग मोबाइलवर पाव गतीने लावून ठोके मोजले. सेकंदाला साडेसहाच्या आसपास. म्हणजे दोन फेऱ्यांमागे एकदा, आणि बहुतेक एकाच सिलिंडरचा.

पण इथेच फसगत होते. टॅपेट दोन फेऱ्यांमागे एकदा वाजतं. इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी तोटी) दोन फेऱ्यांमागे एकदा टिचकी देतो. सैल स्पार्क प्लगमधून गॅस सुटत असेल तोही तेवढ्याच वेळा, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर गोळा करणारा पाइप) एका सिलिंडरजवळ लीक असेल तर त्याचीही फुसफुस तेवढ्याच अंतराने येते. कानाला चौघांत फार फरक नाही. 'टिकटिक म्हणजे टॅपेट' हे वाक्य म्हणूनच महाग पडतं.

नळीने ऐकलं, दोन नंबर सिलिंडरच्या बाजूला सर्वांत जोर. प्लग काढून पाहिले. घट्ट होते, चिनीमातीवर गॅस सुटल्याचा काळा पट्टा नव्हता. मग दोन नंबर इंजेक्टरची वायर काढली. टिकटिक बंद!

यावरून इंजेक्टर खराब ठरवून दोन आणि चार नंबरचे इंजेक्टर अदलाबदल केले. पेट्रोलचा दाब सोडणं, नव्या ओ-रिंगा (१६० रुपये), सगळं साग्रसंगीत. आवाज इंजेक्टरबरोबर चार नंबरला जायला हवा होता. दोनलाच राहिला. रविवार गेला.

कारण सरळ आहे. इंजेक्टर बंद केला की त्याची टिचकी थांबते, पण त्या सिलिंडरमध्ये पेट्रोलही जात नाही, जळणच थांबतं. मग एक्झॉस्टमधून सुटणारा गॅसचा झटकाही थांबतो. या एका चाचणीतून इंजेक्टर आणि लीक वेगळे होत नाहीत.

४ जानेवारी २०२६, रविवार

इंजेक्टर जोडलेला ठेवून दोन नंबरच्या इग्निशन कॉइलची (ती प्लगला ठिणगी देते) वायर काढली. इंजिन बंद असताना काढायची, मग चालू करायचं, दहा सेकंद ऐकायचं, बंद करायचं. त्याहून जास्त नाही, कारण न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो. चेक इंजिनचा दिवा लागेल, घाबरू नका.

टिकटिक गेली. इंजेक्टर तर टिचक्या देतच होता. टॅपेट असतं तर तेही वाजत राहिलं असतं, कारण जळण असो वा नसो, कॅम फिरतो आणि व्हॉल्व्ह उघडतोच. म्हणजे आवाज गॅसचा. गार असताना मोठा आणि तापल्यावर कमी, तेही जुळलं: धातू तापून फुगतो आणि फट मिटते.

मग फट शोधली. इंजिन बंद, पूर्ण गार. कॉम्प्युटर साफ करायचा छोटा ब्लोअर सायलेन्सरच्या तोंडाला लावला, कडेने ओलं फडकं गुंडाळलं. आत हवा भरत असताना मॅनिफोल्डच्या जोडावर साबणाचं पाणी स्प्रेने मारलं. मॅनिफोल्डवरचा उष्णता अडवणारा पत्रा आधी काढावा लागला. दोन नंबरच्या खालच्या स्टडपाशी (ज्यावर नट बसतो तो आट्यांचा दांडा) पांढरे बुडबुडे वर यायला लागले, आणि त्याच जागी पत्र्याच्या आतल्या बाजूला बोटभर रुंद काजळीचा पंखा उमटलेला होता. बॉनेट उघडून वरून बघणाऱ्याला तो कधीच दिसला नसता.

हे लीक ऑक्सिजन सेन्सरच्या आधी आहे. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला पेट्रोल कमी पडतंय असं वाटतं आणि संगणक जास्त पेट्रोल सोडतो. गाडी हल्ली जास्त का पीत होती त्याचं एक कारण सापडलं. आवाज सहन होतो म्हणून लीक सोडून देणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

१० जानेवारी, शनिवार

रात्री मॅनिफोल्डच्या सगळ्या नटांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला. ऑक्सिजन सेन्सरचा कनेक्टर आधीच सोडवला. मॅनिफोल्ड उतरताना त्या वायरीवर लोंबकळला तर सेन्सर गेला समजा.

११ जानेवारी, रविवार

१२ ची गोटी, लांब दांडा, हळूहळू. नट जरा सुटला की परत आवळायचा, परत स्प्रे, परत सोडायचा. एवढं जपूनही ज्याची भीती होती तोच दोन नंबरचा खालचा स्टड हेडच्या (सिलिंडरांवरच्या भागाच्या) पातळीवर मोडला. तो आधीच अर्धा तुटलेला असणार. मोडलेल्या तोंडाचा अर्धा भाग जुना, काळा, आणि अर्धा ताजा, चमकता. लीक तिथूनच सुरू झालं.

मोडलेल्या स्टडला ड्रिल मारायचा मोह आवरा. हेड ॲल्युमिनियमचं, स्टड लोखंडी; ड्रिल घसरून मऊ धातूत शिरतं आणि आटे जातात. मग हेड उतरवण्याची वेळ येते, म्हणजे जे टाळायला निघालो तेच. गावातल्या वेल्डिंगवाल्या नानांना घरी बोलावलं. त्यांनी बॅटरीची वायर काढायला लावली, स्टडच्या तोंडावर नट धरला आणि नटाच्या आतून वेल्डिंगने भरून घेतला. पहिला नट तुटून हातात आला. दुसरा नीट धरला, लाल होऊन काळा पडेपर्यंत थांबले, मग पान्याने मागेपुढे, मागेपुढे करत स्टड सबंध बाहेर काढला. वेल्डिंगच्या उष्णतेनेच गंज सैल होतो, म्हणून घाई करायची नाही. ४०० रुपये घेतले. माझ्या मते हजार रुपयांचं काम होतं.

मॅनिफोल्डच्या तोंडावर स्टीलची पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घातलं. दोन नंबरपाशी ०.१५ मिमीचं पान सहज जात होतं, म्हणजे तोंड वाकलंय. नुसतं नवं पॅकिंग टाकलं असतं तर दोन महिन्यांत परत फुसफुस. लेथवाल्याकडे सोमवारी फेस मारायला, म्हणजे तोंड सपाट करायला द्यायचं ठरलं, ३०० रुपये.

१४ जानेवारी, संक्रांत

मॅनिफोल्ड आला, तोंड आरशासारखं. पॅकिंग २६०, स्टड आणि नटांचा संच २४०, खालच्या पाइपचं गोल पॅकिंग १८०. एकच स्टड मोडला तरी सगळे बदलले, कारण बाकीच्यांचंही वय तेवढंच. हेडवरचं जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या खरवडणीने काढलं. लोखंडी पट्टीने ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात. नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत दोन टप्प्यांत आवळले. पॅकिंगला कसलाही गोंद लावला नाही.

चालू केली. टिकटिक नाही. आई दारातून म्हणाली, गाडी चालू आहे का? फार बरं वाटलं.

मात्र २२०० फेऱ्यांच्या आसपास 'झर्रर्र' असा नवा आवाज. उष्णतेच्या पत्र्याचं एक भोक गंजून मोठं झालंय आणि बोल्टभोवती पत्रा थरथरतोय. २० रुपयांचे दोन मोठे वायसर घातले, मिटलं. एका ठराविक रेसलाच वाजून थांबणारा आवाज बहुतेक वेळा असा एखादा सैल पत्रा किंवा क्लिप असते.

१८ जानेवारी, रविवार

धुळ्यावरून लळिंगच्या घाटात नेली. गाडीत चौघे. चढावर ना टिकटिक, ना गुरगुर. चौथ्या गिअरमध्ये रेस पडू दिली तेव्हा कडकड असा बारीक आवाज आला. ते पेट्रोल वेळेआधी पेटण्याचं लक्षण, तिसरा टाकताच थांबलं. त्यासाठी काही उघडायचं नाही, गिअर उतरवायचा. मात्र सपाट रस्त्यावर, हलक्या पायालाही ती कडकड आली तर प्लग, कार्बन आणि पेट्रोल तपासायला हवं.

रात्रभर गार झाल्यावर मॅनिफोल्डचे नट परत तपासले. दोन जरासे फिरले. नवं पॅकिंग तापून बसतं, म्हणून हे करायचंच.

आतापर्यंतचा खर्च ऑइलसकट साडेतीन हजारांच्या आत. त्यात इंजेक्टरच्या ओ-रिंगा वाया गेलेल्या.

२६ जानेवारी

पारोळ्याच्या मावसभावाच्या गाडीलाही टिकटिक आहे, त्यालाही इंजिन खोलायला सांगितलंय. आज तिच्यावर तीच चाचणी केली. एकेका कॉइलची वायर काढली, चारही वेळा टिकटिक जशीच्या तशी. तापल्यावरही कमी होत नाही. ब्लोअर आणि साबणाच्या पाण्यात एकही बुडबुडा नाही. म्हणजे या गाडीचा आवाज गॅसचा नाही; एकेका इंजेक्टरची वायर काढूनही तो तसाच राहिला तर टॅपेटच, आणि वरचं झाकण खोलावं लागणार. त्याला सांगितलं, झाकणाचं पॅकिंग आणून ठेव, गाडी शनिवारी रात्रीच माझ्या अंगणात लाव. टॅपेटची फट बहुतेक गाड्यांत गार इंजिनवरच मोजायची असते.